सूज दिसते, दुखणं दिसत नाही : चंद्रपूर-गडचिरोलीतल्या सिकलसेलचा इतिहास

आजचा विषय वैद्यकाचा आहे आणि बोलणारा माणूस तत्त्वज्ञानाचा. त्यामुळे औषध कोणतं घ्यावं हे मला विचारू नका, ते डॉक्टरांना विचारा. मी इतिहासाबद्दल बोलणार आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांत एक आजार पिढ्यानपिढ्या रक्तातून चालत आला आहे. त्याचं नाव इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, सिकलसेल. या आजाराच्या शोधाचा इतिहास पुस्तकांत सविस्तर मिळतो. तो अंगावर वागवणाऱ्या माणसाचा आणि त्याला सांभाळणाऱ्या घराचा इतिहास त्या मानाने फार थोडा लिहिला गेला. आज मला त्या दुसऱ्या इतिहासाबद्दल बोलायचं आहे. पहिला मध्ये मध्ये येत राहील, त्याला इलाज नाही.

सुरुवात सुजेपासून करतो. सात-आठ महिन्यांचं बाळ असतं. तोवर हसतं-खेळतं. एक दिवस त्याचे पंजे आणि पावलं वरच्या बाजूने फुगतात, बोटं जाड दिसायला लागतात. बाळ हात लावू देत नाही, रात्रभर रडतं. घरातलं कोणी म्हणतं काही चावलं असेल, कोणी म्हणतं पाळण्यातून हात अडकला असेल, आजी मीठ-मोहऱ्या ओवाळते. डॉक्टर या सुजेला डॅक्टिलायटिस म्हणतात. जन्मानंतर पहिले काही महिने बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन पुष्कळ असतं आणि ते त्याचं रक्षण करतं. ते ओसरलं की लाल पेशी वाकड्या आणि ताठ व्हायला लागतात, बोटांच्या लहान हाडांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत तुंबतात, रक्त पुढे जात नाही. हाड उपाशी राहतं आणि सुजतं. पुष्कळ घरांत सिकलसेलची पहिली ओळख होते ती अशी.

आता पुढची गोष्ट ऐका. मूल चार-पाच वर्षांचं झालं की ही सूज सहसा येत नाही. दुखणं मात्र जात नाही, ते मांडीच्या हाडांत, पाठीत, छातीत, पोटात सरकतं. पोरगं नाहीतर पोरगी शाळेत जायला लागते आणि एखाद्या दिवशी सकाळी म्हणते, हाडं फुटताहेत. तुम्ही हात बघता, पाय बघता. सूज नाही. ताप नाही. खरचटलेलंही नाही. मग मास्तर म्हणतात शाळा बुडवायचं निमित्त आहे. मोठेपणी मुकादम म्हणतो कामचुकार आहे. सून असेल तर काय म्हणतात ते सांगायला नको.

आमच्या न्यायदर्शनात सुख आणि दुःख हे आत्म्याचे गुण मानले आहेत. ज्याचे त्याला ते मनाने थेट कळतात. दुसऱ्याला ते थेट कळत नाहीत, त्याला अनुमान करावं लागतं. आणि अनुमानाला खूण लागते. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे, हे उदाहरण मी वर्गात इतक्या वेळा दिलं आहे की माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना हसू येईल. बाळाची सूज हा धूर आहे. तो दिसतो तोवर आईवर सगळे विश्वास ठेवतात. पुढे धुराशिवाय आग जळत राहते आणि बघणाऱ्याला वाटतं आग नाहीच.

पण न्यायाने ज्ञानाचं आणखी एक साधन मानलं आहे, शब्दप्रमाण. ज्याला एखादी गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जो ती जशीच्या तशी सांगू इच्छितो, त्याला आप्त म्हणायचं. त्याचं सांगणं हे ज्ञान. वात्स्यायनाने भाष्यात असं स्पष्ट केलं आहे की आप्ताचं हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. म्हणजे एटापल्लीकडची माडिया बाई स्वतःच्या दुखण्याबद्दल सांगते तेव्हा तिच्याइतका आप्त दुसरा कोणी नाही. सिकलसेलच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासात सूक्ष्मदर्शकाचं ऐकलं गेलं, पुढे रसायनशास्त्राचं ऐकलं गेलं, आकडेवारीचं ऐकलं गेलं. या बाईचं सांगणं कुठे नोंदलं गेलं, एवढंच मी शोधतो आहे.

हे एकट्या सिकलसेलचं नाही. वंशपरंपरेने येणारा, वारंवार सूज आणणारा आणखी एक आजार आहे, फार दुर्मीळ, साधारण ५० हजारांत एकाला होणारा. हेरेडिटरी अँजिओएडेमा असं त्याचं नाव. १८८८ साली विल्यम ऑस्लर या प्रसिद्ध डॉक्टरांनी एका अमेरिकन कुटुंबाच्या पाच पिढ्यांत तो दाखवून दिला. त्यामागे रक्तातल्या कोणत्या प्रथिनाची कमतरता आहे हे कळायला १९६३ उजाडलं. त्या रोग्याचा ओठ किंवा हात सुजतो तेव्हा सगळ्यांना दिसतं. सूज आतड्याला आली की बाहेर काही नाही, नुसत्या पोटात असह्य कळा. अशा कित्येकांची पोटं विनाकारण उघडली गेली. खूण असली तर रोगी खरा, खूण नसली तर शस्त्रक्रिया नाहीतर संशय. तिकडे हे ५० हजारांत एकाच्या वाट्याला येतं. आपल्याकडे सिकलसेलमुळे ते गावोगाव येतं.

आता नाव कसं पडलं ते बघू. १९०४ च्या अखेरीस शिकागोच्या एका रुग्णालयात विशीतला एक तरुण आला. खोकला, ताप, पायावर जखमांचे व्रण. त्याच्या रक्ताच्या काचपट्टीवर लांबुळक्या, विळ्यासारख्या पेशी दिसल्या. डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्याबद्दल निबंध छापला. १९२२ साली व्हर्नन मेसन यांनी ‘सिकलसेल अ‍ॅनिमिया’ हे नाव वापरलं. विळ्याची उपमा आपल्या लोकांना समजावून सांगावी लागत नाही. सिंदेवाही-मूल-ब्रह्मपुरीच्या धानपट्ट्यात कापणीच्या दिवसांत प्रत्येकाच्या हातात विळा असतो.

त्या तरुणाचं काय झालं? हेरिकच्या निबंधात त्याचं नाव नाही. तो वॉल्टर क्लेमेंट नोएल, वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला शिकागोत आलेला. आजारपणं काढत त्याने शिक्षण पुरं केलं, घरी परतला, दातांचा दवाखाना चालवला आणि १९१६ साली वयाच्या ३२ व्या वर्षी न्यूमोनियाने गेला. हे सगळं दोन संशोधकांनी खणून काढलं आणि छापलं १९८९ मध्ये. पेशीचं वर्णन १९१० साली झालं, माणसाची पुरी हकीकत ७९ वर्षांनी.

याच्या उलट बाजूचं एक उदाहरण आफ्रिकेतलं आहे. घानाचे डॉक्टर कोनोटे-अहुलू यांनी दाखवलं की त्यांच्या देशातल्या भाषांमध्ये या दुखण्याला फार जुनी नावं आहेत. ती उच्चारली की हाडांत वारंवार उठणारी कळ कानाला जाणवावी, अशी एकच आवाज पुन्हा पुन्हा येणारी. त्यांनी स्वतःच्या घराण्यात हा आजार १६७० पर्यंत मागे शोधून काढला, नावानिशी. तिथे लोकांनी कळेला नाव दिलं होतं. शास्त्राने नंतर पेशीला दिलं.

रसायनशास्त्राचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो सगळीकडे मिळतो. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रेणूचा आजार आहे असं दाखवलं. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इनग्राम यांनी हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरं आलं आहे, एवढाच फरक आहे, हे सिद्ध केलं. एवढ्याशा बदलाने आयुष्यभराचं दुखणं.

भारतात या आजाराची नोंद झाली १९५२ साली. निलगिरीच्या आदिवासींमध्ये लेहमन आणि कटबुश यांना तो सापडला, त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यातल्या मजुरांमध्येही सापडला. तेव्हाच्या संशोधकांचा प्रश्न काय होता हे बघणं महत्त्वाचं आहे. हे लोक कुठून आले, कोणत्या वंशाचे, आफ्रिकेशी किंवा अरबस्तानाशी यांचं नातं काय, हा प्रश्न होता. रक्ताचा थेंब स्थलांतराचा पुरावा म्हणून घेतला गेला. सुई टोचून घेणाऱ्याला रात्री झोप लागते का, हा त्या काळच्या मानववंशशास्त्राचा प्रश्न नव्हता. त्या संशोधकांना मी दोष देत नाही, ज्या प्रश्नाला उत्तर हवं होतं तो त्यांनी विचारला.

विदर्भात १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांचा निबंध ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात आला, विषय मध्य भारतातले सिकलसेलचे वाहक. हे साल लक्षात ठेवा. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९५६ च्या ऑक्टोबरात, १४ तारखेला नागपूरला आणि १६ तारखेला इथे चंद्रपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली. जन्माने लागलेला शिक्का लाखो लोकांनी उतरवून ठेवला. आणि लगेच शास्त्र त्याच वस्त्यांत येऊन सांगू लागलं की तुमच्या रक्तात जन्माने काहीतरी आहे. यात कोणाचा कट नव्हता. पण ‘हा अमक्या लोकांचा आजार’ असं जे पुढे रुजलं, त्याची वेदना समजून घ्यायची तर ही दोन सालं शेजारी ठेवावी लागतात.

वास्तविक सिकलसेल इथे अनुसूचित जातींत आहे, गोंड-माडिया-परधानांत आहे, इतर मागासवर्गीयांतही आहे. जनुकाला जात कळत नाही, जात कळते ती लग्न जुळवणाऱ्यांना. जातीत आणि जवळच्या पाच-पंचवीस गावांत सोयरिकी होत राहिल्या की जनुक तिथल्या तिथे फिरत राहतं. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रभरच्या आदिवासी भागांत वर्षानुवर्षं फिरून हे मोजलं. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही जमातींत वाहकांचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर आढळलं. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

हे प्रमाण इतकं कसं, याचं उत्तर १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत शोधलं. ज्याच्याकडे हे जनुक एकाच पालकाकडून आलेलं असतं, त्याला आपण वाहक म्हणतो. मलेरियाच्या घातक प्रकारापासून त्याला बरंचसं संरक्षण मिळतं. गडचिरोलीचं जंगल आणि मलेरिया यांचं नातं मी तुम्हाला काय सांगणार! या जंगलात मलेरियाने पोरं जात होती तेव्हा वाहक तगले आणि जनुक टिकलं. पण दोन्ही पालकांकडून जनुक आलेल्या मुलाला, म्हणजे ग्रस्ताला, तोच मलेरिया फार घातक ठरतो. एका भावाला जे वाचवतं ते दुसऱ्याला मारतं.

आता गडचिरोलीचा एक प्रसंग. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली तिथे आले. सुरुवातीच्या काळात त्यांनी सिकलसेलचा अभ्यास केला, आजार मोठ्या प्रमाणावर आहे असं दिसलं, त्याची दखलही घेतली गेली. पण ज्यांचं रक्त तपासलं त्या लोकांना त्यात काही रस वाटला नाही, कारण तो त्यांनी विचारलेला प्रश्नच नव्हता. ही हकीकत डॉ. अभय बंग यांनी स्वतः मोकळेपणाने सांगितली आहे. त्यानंतर बायकांच्या बोलण्यातून जे पुढे आलं त्यावर त्यांनी काम केलं. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग आढळले, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

या प्रसंगाचा अर्थ कोणी असा काढतात की आदिवासींना सिकलसेलचं महत्त्व कळत नव्हतं. मला हे मान्य नाही. त्या वेळी रक्त तपासून हाती काय पडत होतं? एक नाव. त्या नावाला जोडून दुखण्यावर देण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं. भाताच्या रोवणीत थंड चिखलात दिवसभर उभं राहिलं की रात्री कळ उठते, हे त्या माणसाला आधीच माहीत होतं. त्याला वैज्ञानिक नाव मिळाल्याने रोवणी टळणार नव्हती.

औषधाची गोष्ट १९९५ ला बदलली. हायड्रॉक्सियुरिया या जुन्या औषधाची अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवर चाचणी झाली आणि कळांचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांमध्ये त्याची कमी मात्रा वापरून चांगला गुण येतो असं दाखवलं. पण हे मूळचं कर्करोगाचं औषध. गोळीबद्दल शेजारपाजारी कळलं की ‘पोराला कॅन्सरचं औषध चालू आहे’ अशी बातमी होते, आणि घर घाबरून औषध बंद करतं. डॉक्टरांनी दोन मिनिटं जास्त बोलून समजावलं तर हे टळतं. ओपीडीच्या रांगेत ती दोन मिनिटं कोण देणार, हा प्रश्न आहेच.

‘सौम्य’ या शब्दाबद्दलही बोललं पाहिजे. भारतात जो सिकलसेल आढळतो तो आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य, असं १९८० च्या दशकापासून ग्रंथांत येऊ लागलं. ओडिशातल्या अभ्यासांमुळे त्याला बळ मिळालं, कारण तिथल्या रुग्णांत गर्भातल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण जास्त राहतं. पुढे नागपूरच्या मुलांच्या अभ्यासांत चित्र वेगळं दिसलं, इथे अनेकांचा आजार चांगलाच तीव्र होता. सौम्य हा तुलनेचा शब्द आहे. आफ्रिकेच्या तुलनेत सौम्य म्हणजे दुखत नाही असं नव्हे. पण दवाखान्याच्या टेबलापर्यंत येताना तुलनेचा अर्धा भाग गळून पडतो आणि उरतं ते ‘तुमचा आजार सौम्य आहे’. रात्रभर ओरडलेल्या माणसाने हे ऐकून काय समजायचं?

वेदनाशामकांचंही तसंच. १९८५ साली अमली पदार्थांचा कडक कायदा आला. हेतू व्यसनाला आळा घालण्याचा होता, पण मॉर्फिनसारखं औषध ठेवणं म्हणजे परवान्यांचं जंजाळ झालं आणि बहुतेक रुग्णालयांनी तो नाद सोडला. २०१४ च्या दुरुस्तीने वैद्यकीय वापराची वाट थोडी मोकळी केली. ही सगळी वर्षं हाडं फुटण्याची कळ घेऊन आलेल्या माणसाला काय मिळालं असेल, याचा विचार करा.

मग आली कार्डं. राज्याच्या सिकलसेल कार्यक्रमात गावोगाव, शाळाशाळांत तपासण्या झाल्या, वाहक आणि ग्रस्त यांना वेगवेगळ्या रंगांची कार्डं मिळाली. ‘लग्नाआधी रक्ताची कुंडली जुळवा’ असा प्रचार सुरू झाला. गणित सोपं आहे. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल ग्रस्त असण्याची शक्यता चारात एक, २५ टक्के. प्रत्येक वेळी नव्याने. ‘पहिलं ग्रस्त निघालं, आता पुढची तीन चांगली’ असं समजणारी माणसं मी पाहिली आहेत, शिकलेली.

मला कार्डाला विरोध नाही. पण इतिहास काय सांगतो? ग्रीसमध्ये ऑर्कोमेनोस नावाचं गाव आहे, तिथे जवळजवळ चौथा हिस्सा लोक वाहक. तिथे सगळ्यांची तपासणी आणि समुपदेशन झालं, आणि काही वर्षांनी, १९७४ मध्ये, परिणाम छापला गेला. वाहक-वाहक लग्नं कमी झाली नव्हती. काहींनी स्वतःची तपासणी लपवली होती आणि वाहकांकडे, विशेषतः मुलींकडे, वाकड्या नजरेने पाहिलं जात होतं. अमेरिकेत १९७० च्या दशकात काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली, तर नोकरी आणि विमा देणाऱ्यांनी निरोगी वाहकांनाच अडवलं. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीत १९८१ पर्यंत वाहकांना प्रवेश नव्हता. आपल्या वरोऱ्याजवळ १९४९ साली आनंदवन उभं राहिलं, ते अशाच एका आजाराच्या कलंकापायी. कुष्ठरोग वंशाने येतो असं एकेकाळी वैद्यकही मानत होतं. हॅन्सनने १८७३ मध्ये त्याचा जंतू दाखवला, तरी लोकांच्या मनातून ते गेलं नाही. सिकलसेल तर खरोखरच वंशाने येतो. मग कलंकाची किती जास्त काळजी घ्यायला हवी!

आणि हा कलंक घरात कोणावर बसतो? मूल ग्रस्त निघालं की बोट आईकडे जातं, हिच्या माहेरचं रक्त खराब. विज्ञान याच्या नेमकं उलट सांगतं. दोन्ही बाजूंनी जनुक आल्याशिवाय असं मूल होत नाही, एक आईकडून, एक बापाकडून. हे एवढं वाक्य प्रत्येक कार्डाच्या मागे छापलं पाहिजे असं मी दहा ठिकाणी बोललो आहे.

सांभाळणाऱ्यांबद्दल बोलताना आपण ‘आईची माया’ म्हणून मोकळे होतो. तिचा दिवस बघा. मे महिन्यात इथे पारा ४५-४७ वर जातो. अंगातलं पाणी कमी झालं की कळ उठते, म्हणून मुलाला सारखं पाणी पाजायचं. तेंदूपानांचा हंगाम त्याच महिन्यात, पहाटे जंगलात जायचं तर मुलाला ठेवायचं कुणाकडे? पावसात भिजू द्यायचं नाही आणि रोवणी नेमकी पावसात. हिवाळ्यात गारठ्याने पुन्हा दुखणं. दवाखान्यात न्यायचं तर एसटीच्या साध्या बसमध्ये सिकलसेलच्या रुग्णाला मोफत प्रवासाची सवलत आहे, चांगली गोष्ट आहे. पण पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. एकाच्या दुखण्याने दोघांचा रोज मोडतो, आणि बरेचदा मोठ्या बहिणीची शाळाही.

सिंदेवाहीकडच्या एका बाईंनी मला त्यांच्या घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं होतं. आपल्याकडे त्यावर दुधाचा हिशेब लिहितात. त्यांनी मुलाच्या दुखण्याच्या दिवसांवर फुल्या मारल्या होत्या. रुग्णालयात गेलेल्या दिवशी फुलीभोवती गोल. मी मोजलं नाही, पण गोल अगदी थोडे होते आणि फुल्या पानभर. ‘डॉक्टर विचारतात कधी कधी दुखतं, आता काय सांगू, म्हणून लिहून ठेवलं,’ असं त्या म्हणाल्या.

तेच पुढे मला एका अमेरिकन अभ्यासात वाचायला मिळालं. व्हर्जिनियात २३२ प्रौढ रुग्णांनी सहा महिन्यांपर्यंत रोजची डायरी लिहिली. सुमारे ३१ हजार दिवसांच्या नोंदी २००८ साली छापल्या गेल्या. निम्म्याहून जास्त दिवसांत, ५४.५ टक्के, त्यांना दुखत होतं. दवाखान्यात ते गेले ३.५ टक्के दिवस. बाकीचं सगळं दुखणं घरात, भिंतीआड. म्हणजे रुग्णालयाच्या रजिस्टरवरून या आजाराचं मोजमाप करणारा माणूस गोल मोजतो, फुल्या त्याला दिसतच नाहीत.

कायद्याचीही अडचण इथेच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. त्यामागे रुग्णांच्या संघटनांचा रेटा होता, नागपूरचे संपत रामटेके आणि त्यांची सिकलसेल सोसायटी यांचं काम तुम्हाला माहीत असेल, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कायद्याने उच्च शिक्षणात राखीव जागा दिल्या. सरकारी नोकरीच्या आरक्षणात मात्र ज्या गटांची यादी आहे त्यात रक्ताचे आजार नाहीत. आणि लाभासाठी हवं किमान ४० टक्के अपंगत्व. आता, जो माणूस महिन्यातले वीस दिवस धडधाकट चालतो आणि दहा दिवस खाटेला खिळतो, तो किती टक्के? मंडळापुढे तो चालत गेला त्या दिवशी किती, आणि आदल्या मंगळवारी किती? पुढे खुब्याचं हाड झिजून तो लंगडू लागला की प्रमाणपत्र सोपं होतं. धूर दिसला ना!

याच कायद्यात, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांना सांभाळणाऱ्यासाठी भत्त्याची तरतूद आहे. सिकलसेलच्या किती घरांना हा शब्द तरी माहीत आहे?

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी, आणि २०४७ पर्यंत निर्मूलन. त्याआधी ११ डिसेंबर २०२२ ला आपल्या चंद्रपुरातलं हिमोग्लोबिनच्या आजारांचं संशोधन केंद्र राष्ट्राला अर्पण झालं. १९५२ साली निलगिरीत सुरू झालेली तपासणी आता आपल्या दाराशी संस्था होऊन आली आहे, याचा मला आनंद आहे. फक्त ‘निर्मूलन’ म्हणताना एक गोष्ट लक्षात ठेवू. पुढची मुलं ग्रस्त जन्मू नयेत हे एक काम आहे. आज जी दहा वर्षांची आहे ती २०४७ मध्ये तिशीच्या आसपासची असेल. तिला दुखेल तेव्हा काय, हे दुसरं काम आहे, आणि त्याचा आकडा कोणत्याही फलकावर येत नाही.

या केंद्रात, आपल्या ग्रामीण रुग्णालयांत, आशाताईंच्या वहीत तसल्या फुल्यांचा एक रकाना असावा अशी माझी सूचना आहे. खर्च काही नाही. रोज दुखलं की नाही, काम बुडालं की नाही, घरात कोणाचं बुडालं, झोप झाली की नाही. रकाने काय असावेत हे मी किंवा डॉक्टरांनी ठरवू नये, त्या बाईंना विचारावं. इथे दोन-तीन डॉक्टर मंडळी बसलेली दिसताहेत, त्यांचं यावर काय म्हणणं आहे ते ऐकायला मला आवडेल. आता प्रश्न घेऊ या. मागच्या बाजूला माईक द्या.